प्रोस्टेटमधली अनोळखी गाठ : स्टम्प आणि सार्कोमा, निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंत

प्रोस्टेटची तक्रार म्हटली की घरोघरी दोनच शक्यता माहीत असतात. एक, वयानुसार वाढलेलं प्रोस्टेट. दुसरी, प्रोस्टेटचा कॅन्सर. पीएसए (रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन) कमी आला तर पहिली, जास्त आला तर दुसरी, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती खपूनही जाते. ज्यांच्या बाबतीत ती खपत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. म्हणजे रिपोर्टवर ‘स्ट्रोमल ट्यूमर ऑफ अनसर्टन मॅलिग्नंट पोटेन्शियल’ (थोडक्यात स्टम्प), ‘स्ट्रोमल सार्कोमा’ किंवा नुसतंच ‘स्पिंडल सेल लिजन’ असं काहीतरी आलंय, आणि फॅमिली डॉक्टरही म्हणतायत की असलं मी पूर्वी पाहिलेलं नाही.

माझा सगळा रोख एका गोष्टीवर आहे, ती आधीच सांगतो. या गाठींमध्ये सर्जन किती कुशल आहे याच्याआधी, स्लाइड, म्हणजे गाठीच्या तुकड्याची काचपट्टी, कोणी वाचली हे विचारायचं. ऑपरेशनची तारीख त्यानंतर.

ही गाठ नेमकी कशाची

प्रोस्टेटमध्ये द्रव तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि त्या ग्रंथींना धरून ठेवणारी आधार-ऊती असते. तिला स्ट्रोमा म्हणतात. नेहमीचा प्रोस्टेट कॅन्सर ग्रंथींच्या पेशींतून होतो. पीएसए याच पेशी तयार करतात, म्हणून तो वाढतो. आपण ज्या गाठींबद्दल बोलतोय त्या स्ट्रोमातून उगवतात आणि स्ट्रोमा पीएसए बनवत नाही. त्यामुळे लिंबाएवढी गाठ असूनही पीएसए दोनच्या आत असू शकतो.

प्रोस्टेटच्या एकूण कॅन्सरमध्ये सार्कोमाचं, म्हणजे आधार-ऊती किंवा स्नायूंसारख्या ऊतींच्या कॅन्सरचं, प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे. मोठ्यांमध्ये त्यातल्या त्यात लायोमायोसार्कोमा जास्त दिसतो, लहान मुलांमध्ये रॅब्डोमायोसार्कोमा. लहान मुलांचा मार्गच वेगळा आहे. तिथे केमोथेरपी आधी असते आणि शस्त्रक्रिया, लागलीच तर, नंतर. त्यामुळे या लेखात मी मोठ्यांबद्दलच बोलणार आहे.

स्टम्प हा निरुपद्रवी गाठ आणि सार्कोमा यांच्या मधला प्रकार. १९९८ साली गॉडिन, रोझाय आणि एपस्टाइन या पॅथॉलॉजिस्टांनी २२ रुग्णांच्या गाठी तपासून हे नाव रूढ केलं. त्याआधी याच गाठींना फायलॉइड्स ट्यूमर आणि आणखी चारपाच नावं होती, त्यामुळे जुने रिपोर्ट वाचताना गोंधळ होतो. पुष्कळ स्टम्प वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात. काही मात्र खरवडून काढल्यावर थोड्याच दिवसांत परत येतात. आणि थोड्या रुग्णांमध्ये स्टम्पच्या शेजारीच किंवा पुढे केव्हातरी त्याच जागी सार्कोमा सापडतो. बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीचे असले तरी तिशीतल्या पुरुषांमध्येही हा आढळला आहे.

संशय कधी घ्यायचा

लक्षणं वेगळी नसतात, तीच तर अडचण आहे. धार बारीक होणं, रात्री चारचार वेळा उठणं, लघवी तुंबणं, लघवीतून किंवा वीर्यातून रक्त जाणं, बसल्यावर मागच्या बाजूला काहीतरी टोचल्यासारखं वाटणं, शौचाला अडल्यासारखं होणं. वाढलेल्या प्रोस्टेटमध्येही यातलं बरंच काही असतं.

फरक वेगात असतो. साधं प्रोस्टेट वर्षांच्या हिशोबाने वाढतं. काही महिन्यांत तक्रारी भराभर वाढल्या, तिशी-चाळिशीत लघवी तुंबून नळी घालावी लागली, दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही आणि पुन्हा तीच अडचण आली, किंवा सोनोग्राफीत प्रोस्टेट अवाढव्य आहे पण पीएसए अगदी कमी, तर थांबून विचार करायला हवा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हे प्रोस्टेट आकसवणारं औषध चालू असेल तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो. हे औषध चालू आहे, हे डॉक्टरांना सांगितलं नाही तर आकड्याचा अर्थच बदलतो.

बोटाने केलेली तपासणी लाजेपोटी टाळली जाते. रुग्णही नको म्हणतो, डॉक्टरही आग्रह धरत नाहीत. पण अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीत स्ट्रोमाची गाठ बऱ्याचदा हाताला लागते. कधी ती मऊ, एका बाजूला फुगलेली असते, कधी गुदाशयाची भिंत पुढे ढकलणारी. ‘तपासणी झाली का?’ हे घरच्यांनी विचारायला काहीच हरकत नाही.

एमआरआय आधी, सुई नंतर

संशय आला की कॉन्ट्रास्टसह ओटीपोटाचा एमआरआय करावा, आणि तो बायोप्सीच्या आधी. सुई टोचल्यानंतर आत रक्त साकळतं आणि काही आठवडे चित्र गढूळ दिसतं. या एमआरआयमधून तीन गोष्टी हव्या असतात. गाठ प्रोस्टेटमधूनच निघाली आहे की गुदाशयाच्या भिंतीतून येऊन प्रोस्टेटला चिकटली आहे? मूत्राशयाच्या तोंडाशी, वीर्यकोशांशी, गुदाशयाशी तिचं नातं काय? आणि आत पाण्याच्या पोकळ्या आहेत, भरीव भाग आहे की कुजलेला? रिपोर्टवर पायरॅड्सचा, म्हणजे कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा, गुण छापून येतो. तो नेहमीच्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी बेतलेला आहे, इथे त्यावर विसंबू नये. फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घ्या. पुढचा सर्जन रिपोर्टपेक्षा चित्रंच बघणार आहे.

बायोप्सी गुदमार्गातून करता येते किंवा वृषणाच्या मागच्या त्वचेतून, म्हणजे पेरिनियममधून. दुसऱ्या मार्गाने जंतुसंसर्ग कमी होतो. सार्कोमाचा संशय असेल तर मला तोच मार्ग बरा वाटतो, कारण गुदाशयाच्या भिंतीतून सुई आरपार न्यायची वेळ येत नाही. नेहमीच्या बारा तुकड्यांवर समाधान मानू नये. एमआरआयमध्ये दिसलेल्या गाठीतून नेमके तुकडे हवेत, आणि कुजलेल्या मध्यभागाऐवजी जिवंत कडेचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आपल्या मनाने नाही.

पुष्कळदा निदान याच्या उलट क्रमाने होतं. साधं प्रोस्टेट समजून दुर्बिणीतून किंवा लेसरने ऑपरेशन होतं, तुकडे तपासायला जातात आणि आठवड्याने भलताच रिपोर्ट येतो. त्यात कोणाची चूक असेलच असं नाही. पण खर्च वाचवण्यासाठी ते तुकडे तपासायलाच न पाठवणं मात्र चुकीचं आहे. ते पाठवले का, हे डिस्चार्जच्या दिवशी विचारून घ्या.

दुसऱ्या नजरेखालून स्लाइड

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सर्वसाधारण लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्टला संपूर्ण कारकिर्दीत अशा गाठी मोजक्याच भेटतात. लांबट, चातीच्या आकाराच्या पेशी दिसल्या की पुढे अनेक वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेवरचा उपचार वेगळा असतो.

सगळ्यात महत्त्वाची चकवणारी गाठ म्हणजे गुदाशयाची जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतली स्ट्रोमल गाठ). ती गुदाशयाच्या भिंतीतून पुढे वाढते, प्रोस्टेटच्या बायोप्सीच्या सुईत सापडते आणि प्रोस्टेटचा सार्कोमा म्हणून नाव लागतं. सीडी११७ आणि डॉग१ या चाचण्या केल्या की ती ओळखू येते. ओळखली तर उपचाराची सुरुवात बहुधा इमॅटिनिबच्या गोळीने होते, सर्वसाधारणपणे रोज ४०० मिलिग्रॅम. गाठ आकसल्यावर छोट्या शस्त्रक्रियेत काम भागतं आणि मूत्राशय-गुदाशय वाचू शकतात. न ओळखता थेट मोठं ऑपरेशन केलं तर दोन्ही जाऊ शकतात. (ही गोळी आपल्याकडे जेनेरिक स्वरूपात मिळते. तिच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १ एप्रिल २०१३ रोजी निकाल नोव्हार्टिस या मूळ औषध कंपनीच्या विरोधात लागला.)

दुसरी, सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, ही तंतुमय ऊतीची गाठ. हिच्यात आणि स्टम्पमध्ये सीडी३४ या चाचणीत रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. पेशीच्या केंद्रकात स्टॅट६ हे प्रथिन दिसलं तर ती सॉलिटरी फायब्रस. तिसरी, सार्कोमासारखा दिसणारा पण मुळात ग्रंथींचाच कॅन्सर. इथे केराटिनची चाचणी उपयोगी पडते, आणि पूर्वी प्रोस्टेट कॅन्सरसाठी रेडिएशन किंवा हार्मोनचे उपचार झालेत का हा प्रश्नही. चौथी गंमतीशीर आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर काही आठवडे ते महिन्यांत त्याच जागी जखम भरताना एक गाठ तयार होऊ शकते, ती सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सार्कोमासारखी दिसते आणि असते पूर्ण निरुपद्रवी. पॅथॉलॉजिस्टला आधीचं ऑपरेशन सांगितलेलंच नसेल तर तो फसू शकतो. म्हणून तपासणीच्या फॉर्मवर पूर्वीच्या प्रत्येक ऑपरेशनची तारीख लिहायला लावा.

स्टम्पमध्ये सीडी३४ बहुधा पॉझिटिव्ह असतो, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरही पुष्कळदा. स्टम्प की सार्कोमा हे मात्र चाचण्यांच्या रंगावर ठरत नाही. पेशींची दाटी किती, केंद्रकं किती वेडीवाकडी, विभाजन पावणाऱ्या पेशी किती, कुजलेला भाग आहे का, हे बघून ठरतं. इथे अनुभवी डोळाच लागतो. वेडीवाकडी केंद्रकं स्टम्पच्या एका प्रकारातही असतात, पण तिथे विभाजन दिसत नाही. नवखा वाचक त्यालाच सार्कोमा म्हणून बसतो.

प्रत्यक्षात करायचं काय? लॅबकडे लेखी अर्ज देऊन स्लाइड आणि पॅराफिनचे ब्लॉक (तुकडे ज्या मेणात बसवलेले असतात त्या वड्या) दोन्ही मागा. नुसत्या स्लाइडवर नव्या चाचण्या करता येत नाहीत. ब्लॉकचे क्रमांक रिपोर्टशी जुळतात ना ते तिथेच पडताळा. मेणाचे असल्यामुळे ते विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं आणि बंद गाडीत काचेखाली त्याच्या जवळपास तापमान जाऊ शकतं. परळच्या टाटा मेमोरिअलसारख्या केंद्रात बाहेरच्या स्लाइड पुन्हा वाचून देतात. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली रुग्णालयं आहेत, त्यामुळे आपल्या जवळचं केंद्र तिथून शोधता येईल. या फेरवाचनात दोनतीन आठवडे जातात. घरात सगळे घायकुतीला आलेले असतात, शेजारी ‘अजून ऑपरेशन नाही?’ विचारतात. तरीही हे आठवडे फुकट गेलेले नसतात.

पसरलाय का

सार्कोमा रक्तावाटे पसरतो आणि पहिला मुक्काम बहुधा फुप्फुसात करतो. म्हणून छातीचा सीटी स्कॅन हवाच, नुसता एक्स-रे पुरत नाही. गरजेप्रमाणे पोटाचा सीटी किंवा एफडीजी पेट-सीटी (साखरेसारखा पदार्थ टोचून केलेला स्कॅन) करतात. हल्ली प्रोस्टेट म्हटलं की पीएसएमए पेट, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर शोधणारा स्कॅन, लिहून दिला जातो. तो ग्रंथींच्या कॅन्सरसाठी आहे, इथे तो महाग पडून फारसं काही सांगत नाही. मूत्रमार्ग आणि मूत्राशय आतून बघण्यासाठी दुर्बिणीची तपासणी करावी.

काढायचं, की लक्ष ठेवायचं

स्टम्पसाठी सर्वमान्य असा एकच नियम नाही, आणि जो डॉक्टर ‘लगेच काढाच’ किंवा ‘काही होत नाही’ असं छातीठोक सांगतो त्याला आणखी दोन प्रश्न विचारावेत. निर्णय रुग्णाचं वय, गाठीचा आकार, ती हाताला किंवा एमआरआयमध्ये दिसते का, त्रास किती, आणि वारंवार तपासणीला यायची तयारी आहे का यावर होतो.

पंचाहत्तरीतल्या गृहस्थांच्या दुर्बिणीच्या तुकड्यांत कोपऱ्यात थोडासा स्टम्प सापडला, एमआरआयमध्ये गाठ नाही, तर लक्ष ठेवणं रास्त आहे. पंचेचाळिशीतल्या माणसाला मोठी, हाताला लागणारी, वाढती गाठ असेल तर माझा कल संपूर्ण प्रोस्टेट काढण्याकडे असतो. कारणं दोन. बायोप्सीच्या बारीक तुकड्यांत सार्कोमाचा भाग निसटू शकतो. आणि अर्धवट खरवडलेला स्टम्प परत आला की पुढचं ऑपरेशन चिकटलेल्या जागी, जास्त कठीण होतं. लघवी मोकळी करण्यापुरतं पुन्हा पुन्हा दुर्बिणीतून खरवडत राहणं हा उपचार नाही.

सार्कोमा असेल आणि पसरलेला नसेल तर शस्त्रक्रिया हाच कणा. गाठीच्या भोवती निरोगी ऊतीची किनार ठेवून ती अखंड निघाली पाहिजे. बरं होण्याची शक्यता याच किनारीवर सगळ्यात जास्त अवलंबून असते. गाठ मोठी असेल तर आधी केमोथेरपी, बहुतेक वेळा डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉस्फामाइड, किंवा रेडिएशन देऊन मग ऑपरेशन करायचं का, हे युरॉलॉजिस्ट, केमोथेरपीचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवावं. अशा बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. आपली केस त्यासमोर ठेवली का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. पैशाची बाजू असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्राला भेटून यातलं काय बसतं ते भरती होण्याआधी विचारा, नंतर धावपळ होते.

तयारी

मूत्रपिंडाची तपासणी, साखर, हृदयाची तपासणी. लघवीचं कल्चर निर्जंतुक हवं. बरेच दिवस नळी असलेल्यांच्या लघवीत जंतू असतातच, त्यावर आधी उपचार लागतो. स्टम्पमध्ये बायोप्सीनंतर सूज उतरायला साधारण सहा आठवडे आणि दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर त्याहून जास्त थांबतात. सार्कोमात इतकं थांबणं परवडत नाही.

मूल हवं असण्याच्या वयातला रुग्ण असेल तर वीर्य साठवून ठेवण्याबद्दल बोला, केमोथेरपीच्या आधी. ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येत नाही. हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर पत्नीने काढावा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा केगेल व्यायाम आधीपासून शिकून घ्यावा, ऑपरेशननंतर नळीसकट शिकणं अवघड जातं. लघवीची किंवा शौचाची पिशवी पोटावर काढावी लागण्याची शक्यता असेल तर तिची जागा रुग्णाला उभं करून, बसवून आणि पायजम्याची नाडी कुठे येते ते बघून आदल्या दिवशी पेनाने आखतात. झोपलेल्या पोटावर आखलेली जागा पुढे वर्षानुवर्षं त्रास देते.

ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे, हाडांच्या अरुंद कोंडाळ्यात बसलेलं असतं. ते पोट उघडून काढता येतं, लॅप्रोस्कोपीने किंवा रोबोटने. लहान-मध्यम स्टम्पला रोबोट छान. मोठ्या सार्कोमाला मी पोट उघडण्याच्या बाजूचा आहे. गाठ कोंडाळं भरून बसलेली असताना ती फाटू न देता काढायला हाताचा स्पर्श लागतो, आणि फाटली तर पेशी सांडतात. रोबोट आहे म्हणून तोच वापरायचा, हा जाहिरातीचा युक्तिवाद झाला.

क्रम साधारण असा. मूत्राशय पुढच्या भिंतीपासून सोडवतात आणि प्रोस्टेटच्या बाजूंचं आवरण उघडतात. वरून जाणारा शिरांचा जाड जुडगा बांधतात. इथून रक्तस्राव झाला तर पुढचं काही दिसत नाही, म्हणून घाई नाही. मग मूत्राशयाचं तोंड प्रोस्टेटपासून वेगळं करतात, मागचे वीर्यकोश आणि वीर्यनलिका मोकळ्या करतात. त्यानंतरचा टप्पा सगळ्यात नाजूक: प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यामधला पातळ पडदा. नेहमीच्या कॅन्सरमध्ये इथे वाट सहज सापडते. मोठ्या स्ट्रोमल गाठीत पडदा ताणून चिकटलेला असतो आणि गुदाशयाला भोक पडण्याचा धोका इथेच.

प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना लिंगाच्या ताठरतेच्या नसा जातात. त्या वाचवण्याची पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये पहिल्यांदा जाणीवपूर्वक वापरली. स्टम्प एका बाजूला असेल तर निदान दुसऱ्या बाजूची नस वाचवता येते. सार्कोमात गाठीच्या बाजूची नस वाचवायचा मोह सर्जनने टाळावा, आणि रुग्णाला हे आधी सांगितलेलं असावं. शेवटी टोकाशी मूत्रमार्ग कापून प्रोस्टेट अखंड पिशवीत घालून बाहेर काढतात, मूत्राशय खाली ओढून मूत्रमार्गाला पाणी न झिरपेल असं शिवतात आणि आत नळी ठेवतात. मूत्राशयात पाणी भरून शिवण तपासतात.

गाठ मूत्राशयात घुसली असेल तर तेही काढावं लागतं आणि लघवीसाठी आतड्याच्या तुकड्याची वाट करून पोटावर पिशवी येते, काहींना आतड्याचंच नवं मूत्राशय करता येतं. गुदाशयही गेला तर शौचाची वेगळी पिशवी. लसीकाग्रंथी नेहमीच्या कॅन्सरइतक्या विस्ताराने काढायची गरज स्टम्पमध्ये सहसा नसते.

काढलेलं प्रोस्टेट संपूर्ण, सगळ्या कडांना शाई लावून तपासलं पाहिजे. बायोप्सीत स्टम्प आणि अख्ख्या गाठीत सार्कोमा, असं निघालं तर उपचाराची दिशा पुन्हा बदलते. म्हणून हाही रिपोर्ट पहिल्या स्लाइड वाचणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावा.

घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशीच उभं करून चालवतात, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. नळी साधारण एक ते दोन आठवडे राहते. ती चुकून निघाली तर गल्लीतल्या दवाखान्यात कोणाकडूनही पुन्हा घालून घेऊ नका. आंधळेपणाने घातलेली नळी ताजी शिवण फोडते. थेट ऑपरेशन केलेल्या टीमला फोन. ताप, पोटरी सुजणं, दम लागणं, नळीतून लघवी बंद होऊन ओटीपोट फुगणं, किंवा लघवीतून हवा वा शौच येणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. आणि पहिले काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, एनिमा तर अजिबात घेऊ नका.

नळी काढल्यावर लघवी टिपटिप गळते, पॅड लागतात. बहुतेकांना तीन महिने ते वर्षभरात ताबा येतो. ताठरतेला त्याहून जास्त वेळ लागतो. नसा वाचल्या असतील तर सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या मदत करतात, पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी त्या घेऊ नयेत. नसा गेल्या असतील तर गोळ्यांचा उपयोग कमी, इंजेक्शन, पंप किंवा इम्प्लांट हे पर्याय उरतात.

पुढची वर्षं

ऑपरेशननंतर पीएसए शून्याजवळ जातो आणि घरचे निर्धास्त होतात. या गाठीत तो आकडा परतीची खबर देत नाही. नजर ठेवायची ती एमआरआयवर, आणि सार्कोमा असेल तर छातीच्या सीटीवर. सार्कोमात पहिली दोनतीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग अंतर वाढवत. स्टम्प न काढता नुसतं लक्ष ठेवलेल्यांनीही बोटाची तपासणी आणि एमआरआय ठरल्या वेळी करावेत. गाठ वाढली किंवा तिचं रूप बदललं तर पुन्हा बायोप्सी. फुप्फुसात एकदोन ठिपके दिसले तर तिथेच सगळं संपत नाही, निवडक रुग्णांमध्ये ते शस्त्रक्रियेने काढता येतात. त्यासाठी आधीचे सीटी तुलनेला हाताशी असावे लागतात, म्हणून सगळ्या सीडी, स्लाइड आणि ब्लॉक एका डब्यात, तारखा लिहून, घरातल्या दोघांना तरी माहीत असलेल्या जागी ठेवा.